कार्ब्युरेटरच्या ताकदवान इंजिनाला पेट्रोल लाइन आणि पंप कोणत्या मापाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली आकडेमोड एकाच इंजिनाभोवती फिरते: ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं शेव्हरोलेट स्मॉल-ब्लॉक व्ही-८, वर होलीचा चार घशांचा ४१५० कार्ब्युरेटर, ताकद ५०० हॉर्सपॉवर, टाकी मागे डिकीखाली. अशी इंजिनं अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवरची, म्हणजे उभ्यानं सुटून सरळ पाव मैल धावण्याच्या शर्यतीची, त्यामुळे कॅटलॉगात सगळं गॅलन, पीएसआय आणि इंचांत असतं. आपण लिटर आणि मिलिमीटर वापरू, पण पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर पौंडांतला दाब, तसंच ठेवू, कारण गेजवर तेच छापलेलं असतं. वेबर कार्ब्युरेटरवाली छोटी इंजिनं आणि टू-स्ट्रोक मोटरसायकली शेवटाकडे आहेत.

इंजिनाला तासाला किती पेट्रोल लागतं, हे कसं काढायचं?

फुल थ्रॉटलवर साधं, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं पेट्रोल इंजिन एका हॉर्सपॉवरमागे तासाला अर्धा पौंड, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम पेट्रोल जाळतं. नीट जुळवलेलं इंजिन याहून थोडं कमी घेतं, पण पंप निवडताना अर्धा पौंडच धरावा. पेट्रोलची घनता लिटरला ०.७४ किलो धरली, तर एका हॉर्सपॉवरला तासाला ०.३१ लिटर पडतं.

५०० हॉर्सपॉवरला गुणून १५३ लिटर येतात. त्यावर ३० टक्के राखीव ठेवा आणि २०० लिटर हा आकडा लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्यावरच आहेत.

गंमत म्हणजे पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या धावेत ही गाडी ११ सेकंदांत जेमतेम अर्धा लिटर पेट्रोल पिते. प्रश्न किती पितं याचा नाही, किती वेगानं पितं याचा आहे. सेकंदाला ४२ मिलिलिटर कार्ब्युरेटरच्या दारात पोचले नाहीत, तर फ्लोट बाउलमधला, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या छोट्या वाटीतला, साठा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरपर्यंत उतरतो आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं.

हॉर्सपॉवर मोजलेलीच नाही. मग?

कॅम, कॉम्प्रेशन आणि हेड सारखे असलेल्या इंजिनांचे डायनोचे (ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे पाहा आणि त्यातला वरचा धरा. चाकांवर मोजलेली ताकद असेल तर ती तशीच वापरू नका. इंजिन पेट्रोल जाळतं ते क्रँकवरच्या ताकदीसाठी, आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियलमध्ये १५ ते २० टक्के जातात. चाकांवर ४०० मिळत असतील तर हिशेब ४७० ते ५०० चा करा.

पंपाच्या खोक्यावर तासाला ४१६ लिटर छापलंय. गरज २०० ची आहे, म्हणजे दुप्पट झालं ना?

नाही. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा मोकळ्या प्रवाहाचा असतो. पुढे ना नळी, ना फिल्टर, ना दाब. होलीचा निळा पंप मोकळा सोडला की ११० गॅलन, म्हणजे ४१६ लिटर देतो. त्याच पंपासमोर ९ पीएसआयचा दाब उभा केला की ८८ गॅलन, म्हणजे ३३३ लिटरवर येतो. लाल पंप मोकळा ९७ गॅलनचा, ४ पीएसआयला ७१ गॅलनचा. त्याचा सर्वात जास्त दाबच ७ पीएसआय आहे, तिथे प्रवाह शून्याकडे गेलेला असतो.

म्हणून पंप घेताना दाब आणि प्रवाहाचा आलेख मागा. आपल्या इंजिनाला ९ ते १० पीएसआयला २०० लिटर देणारा पंप हवा. सहाला नाही. सहा पीएसआय कार्ब्युरेटरपाशी हवेत, आणि तिथवर पोचताना वाटेत दाब खर्च होतो. आलेख नसलेला पंप स्वस्त असला तरी घेऊ नये.

इंजिनावरचा मेकॅनिकल पंप पुरत नाही का?

साडेचारशे हॉर्सपॉवरपर्यंतच्या रस्त्यावरच्या गाडीला चांगला मेकॅनिकल पंप पुरतो, आणि तोच बरा. वायरिंग नाही, रिले नाही, आवाज नाही, इंजिन बंद झालं की पंपही बंद. कॅमवरचा एक्सेंट्रिक आणि पुशरॉड झिजलेले नाहीत एवढं बघा. पुशरॉड झिजला की पंपाचा स्ट्रोक कमी होतो आणि नव्या पंपालाच दोष लागतो.

त्याची अडचण वेगळी आहे. पंप पुढे, टाकी मागे, म्हणजे चार-साडेचार मीटर पेट्रोल तो ओढून आणतो. पेट्रोल ढकलायला कितीही दाब लावता येतो, पण ओढायला निसर्गानं फक्त वातावरणाचा दाब दिलाय, आणि गरम पेट्रोल त्याआधीच उकळू लागतं. म्हणून मेकॅनिकल पंप ठेवणार असाल तर ओढणारी लाइन एक माप मोठी टाका. ड्रॅगसाठी मागे इलेक्ट्रिक पंपच लावावा.

लाइन किती जाड हवी?

तासाला २०० लिटर, साडेचार मीटर सरळ स्टीलची नळी, असा हिशेब मांडला तर फक्त घर्षणानं जाणारा दाब असा:

५/१६ इंच, आतला व्यास सुमारे ६.१ मिमी: ३.९ पीएसआय
३/८ इंच, आतला व्यास ७.७५ मिमी: १.२ पीएसआय
१/२ इंच, आतला व्यास १०.९ मिमी: ०.२५ पीएसआय

व्यास पावणेदोनपटीहून किंचित जास्त केला की तोटा पंधरा-सोळा पटींनी कमी होतो. जुन्या गाड्यांमध्ये कारखान्यातून बहुधा ५/१६ ची लाइन येते; ती ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास थकते. ३/८ रस्त्यावरच्या ५०० हॉर्सपॉवरपर्यंत चालते. ड्रॅगसाठी किंवा ५०० च्या वर थेट १/२ इंच टाका, ती ८०० पर्यंत निभावते. त्यापुढे ५/८.

कॅटलॉगात बाहेरचा व्यास असतो, पेट्रोल आतल्या व्यासातून जातं. ३/८ च्या दोन नळ्या भिंतीच्या जाडीमुळे वेगळ्या वागतात. कॅलिपर आत घालून बघा.

एएन ६, एएन ८ म्हणजे काय?

नळीच्या बाहेरच्या व्यासाचे इंचाचे सोळावे भाग. सहा म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंच. आपल्याकडच्या वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे एएन क्रमांकाला दोननं भागलं की सूत मिळतात. एएन ६ म्हणजे तीन सूत, एएन ८ चार सूत, एएन १० पाच सूत. थ्रेड अनुक्रमे ९/१६-१८, ३/४-१६ आणि ७/८-१४.

या फिटिंगचा फ्लेअर ३७ अंशांचा असतो. ब्रेक पाइपचं फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचं. दोन्ही एकमेकांत आवळले जातात, पहिल्या दिवशी गळतही नाहीत. आठवड्यानं गळतात.

लाँच घेताना, म्हणजे जागेवरून सुटताना, गाडी एकदम कोंडते. लाइन मोठी केली की जाईल का?

इथे बरेच जण चुकतात. गाडी १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, वेगवृद्धीनं सुटते तेव्हा नळीतलं पेट्रोल मागे राहू पाहतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत आडवं अंतर ३ मीटर धरलं, तर त्या पेट्रोलच्या स्तंभाला पुढे ढकलायलाच ३.२ पीएसआय लागतात. हा आकडा लांबी, घनता आणि वेगवृद्धी यांवर ठरतो, व्यास त्यात कुठेच येत नाही. पाच सूताची नळी टाकली तरी ३.२ जाणारच.

उपाय दाबाच्या राखीव साठ्यात आहे. पंप मागे १४ पीएसआय देत असेल आणि दाब कमी करून ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर पुढे, कार्ब्युरेटरजवळ असेल, तर लाँचला रेग्युलेटरच्या तोंडाशी दहा-अकरा उरतात आणि तो निवांत साडेसहा देत राहतो. तोच रेग्युलेटर मागे पंपाजवळ बसवला तर साडेसहातून ३.२ वजा होतात आणि बाउलला तीन मिळतात. ७ पीएसआयच्या लाल पंपाचंही तेच. तो रस्त्यावरच्या गाडीसाठी चांगला आहे, चिकट स्लिक टायरांवर सुटणाऱ्या गाडीसाठी नाही.

मोठी लाइन लागते ती त्यानंतरच्या दहा सेकंदांसाठी. दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

लाँचलाच कोंडते, पण दाब ठीक दिसतो. असं का?

टाकी पाव भरलेली असेल तर पेट्रोल मागच्या भिंतीवर चढतं आणि पुढे बसवलेला पिकअप, म्हणजे टाकीतून पेट्रोल उचलणारी नळी, हवा ओढतो. ड्रॅगच्या गाडीत पिकअप टाकीच्या मागच्या बाजूला, तळाशी, छोट्या सम्पमध्ये हवा. तसं नसेल तर टाकी अर्ध्याच्या खाली नेऊ नका. मूळ पिकअपची नळी काढून तिचा आतला व्यासही मोजा: बाहेर अर्ध्या इंचाची लाइन आणि टाकीत सहा मिमीचा पिकअप, त्यावर चिकटलेली जाळी, ही जोडी फार वेळा सापडते.

लाँचलाच होणारी दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या बाउलमधलं पेट्रोल जेटपासून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकापासून) दूर सरकणं किंवा व्हेंटमधून सांडणं. तो पंपाचा प्रश्न नाही. जेट एक्स्टेन्शन आणि फ्लोटची पातळी तपासा.

इलेक्ट्रिक पंप कुठे बसवायचा?

टाकीपासून ६० सेंटिमीटरच्या आत आणि टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली, म्हणजे पेट्रोल स्वतःच्या वजनानं पंपात उतरेल. या प्रकारचे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. पंपाच्या आधीची नळी पुढच्या नळीएवढी किंवा एक माप मोठी हवी, कधीच लहान नको. एक्झॉस्टपासून दूर, रबरी बुशवर, आणि मागून धडक बसली तर चिरडला जाणार नाही अशा जागी.

कोरडा पंप चालवू नका. त्याच्या आतली फिरती पाती (वेन) पेट्रोलनंच वंगण घेतात. बसवल्यावर पहिल्यांदा टाकी निदान अर्धी भरा.

फिल्टर पंपाच्या आधी की नंतर?

दोन्हीकडे, पण वेगवेगळे. आधी १०० मायक्रॉनची स्टीलची जाळी, पंपाला खडे लागू नयेत एवढ्यासाठी. नंतर ४० मायक्रॉनचा, निडलसाठी, म्हणजे बाउलमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या सुईसाठी. कागदी बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावला की पंपाच्या तोंडाशी दाब पडतो, पेट्रोलचे बुडबुडे होतात, पंप चिरचिरतो आणि प्रवाह निम्म्यावर येतो. काचेचे छोटे पारदर्शक इनलाइन फिल्टर दिसायला छान असतात, पण त्यांचं तोंड बहुधा ८ मिमीचंच असतं आणि काच फुटते. या गाडीत नकोत.

रेग्युलेटर साधा की रिटर्नवाला?

साधा, म्हणजे डेडहेड रेग्युलेटर, पंपाकडून आलेला दाब अडवून कमी करतो. स्वस्त, एकच लाइन. गाडी उभी असताना मात्र पंप बंद दाराशी धडका मारत राहतो, तापतो, आणि हलका रेग्युलेटर हळूहळू दाब पुढे सोडू लागतो. आयडलला साडेसहा, दहा मिनिटांनी आठ, मग ओव्हरफ्लो. सेटिंग करायचं ते इंजिन आयडलला चालू ठेवून. इंजिन बंद असताना केलेलं सेटिंग फसवं असतं.

रिटर्नवाला बायपास रेग्युलेटर जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत पाठवतो. पंप मोकळा राहतो, लाइनमधलं पेट्रोल फिरत असल्यानं वाफ साचत नाही. खर्च आणि काम जास्त. रस्त्यावर चालणाऱ्या, ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या गाडीला हाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

रिटर्न लाइन बारीक चालेल का? तिच्यात दाब तर नसतोच.

आयडलला पंपाचं जवळजवळ सगळं पेट्रोल रिटर्नमधून जातं, हे विसरलं जातं. तासाला ३५० लिटर ५/१६ च्या साडेचार मीटर रिटर्नमधून पाठवायला सुमारे १० पीएसआय लागतात. म्हणजे रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण बाहेर काढला तरी दाब १० च्या खाली येणारच नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडेल. लोक मग रेग्युलेटर बदलतात. ३/८ ला हाच विरोध साधारण ३.३ पीएसआय, १/२ ला एकाहून कमी. त्यामुळे ५०० हॉर्सपॉवरला ३/८ रिटर्न किमान समजा, आणि पंप त्याहून मोठा असेल तर रिटर्नही जाणाऱ्या लाइनच्या मापाची.

रिटर्न टाकीत पिकअपपासून लांब सोडा, नाहीतर फेसाळलेलं गरम पेट्रोल पुन्हा तिथेच ओढलं जातं.

टाकीच्या व्हेंटचा याच्याशी काय संबंध?

जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. व्हेंट बंद असेल तर टाकीत निर्वात तयार होतो, पंप ओढून दमतो. पत्र्याची टाकी आत चेपलेलीही पाहायला मिळते. एएन ८ व्हेंट आणि उलटल्यावर बंद होणारा रोलओव्हर व्हॉल्व्ह लावा. धावेनंतर टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत गेली, तर उत्तर मिळालंच.

कार्ब्युरेटरला दाब किती द्यायचा? दाब वाढवला की ताकद वाढते का?

होली ४१५० ला आयडलला ६ ते ७ पीएसआय आणि फुल थ्रॉटलवर, टॉप गिअरच्या शेवटी, ५ च्या खाली नको. एडेलब्रॉकच्या कार्टर जातीच्या कार्ब्युरेटरला साडेपाच-सहाच्या वर नेऊ नये.

ताकद वाढत नाही. जेटमधून किती पेट्रोल जायचं हे बाउलमधली पातळी आणि व्हेंच्युरीतला ओढा ठरवतात. पंपाचा दाब निडलपाशीच संपतो. दाब एक पीएसआयनं वाढवला तर फ्लोटची पातळी किंचित वर चढते, एवढंच. म्हणून दाब बदलला की पातळी पुन्हा तपासायची. दाब वाढवून गाडी सुधारली असं वाटलं, तर कुठेतरी प्रवाह अडलाय हे त्यातून कळतं.

निडल-सीट मोठी टाकावी का?

५०० हॉर्सपॉवरला दोन बाउलच्या कार्ब्युरेटरमध्ये ०.११० इंचाची व्हिटॉन टोकाची सीट भरपूर आहे. ०.०९७ पेक्षा तिचं भोक क्षेत्रफळानं २८ टक्के मोठं. याहून मोठी सीट टाकली की तोच दाब मोठ्या क्षेत्रफळावर लागतो, फ्लोटला निडल दाबून धरणं जड जातं आणि खडबडीत रस्त्यावर ओव्हरफ्लो होतो. ०.१३० वगैरे मापं अल्कोहोलवर चालणाऱ्या इंजिनांसाठी आहेत.

फिटिंगमध्ये काय बिघडतं?

बरंच. आतून काटकोनात ड्रिल केलेलं ९० अंशांचं एल्बो हे नळीच्या कित्येक सेंटिमीटरांएवढा विरोध करतं. वाकवलेल्या नळीचं गोल वळणाचं घ्या. अर्धा इंच लाइन आणि मध्ये एकच १/४ एनपीटीचं (निमुळत्या पाइप थ्रेडचं) अडॅप्टर असेल, तर लाइन त्या भोकाएवढीच समजा. पंप, फिल्टर, रेग्युलेटर यांची तोंडं ३/८ एनपीटी किंवा मोठी हवीत.

एएनच्या फ्लेअरला सीलंट काहीच लागत नाही. एनपीटीला पेट्रोल सहन करणारं पातळ सीलंट लावा, पहिला थ्रेड सोडून. पांढरी टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचा धागा निडलखाली अडकतो आणि कार्ब्युरेटर ऐन वेळी वाहू लागतो.

रेग्युलेटरपासून दोन्ही बाउलना एएन ८ मधून दोन एएन ६ फांद्या काढा, शक्यतो सारख्या लांबीच्या.

तांब्याची नळी चालेल? गॅरेजवाले तीच टाकतात.

वाकवायला सोपी म्हणून टाकतात. तांबं थरथरीनं कडक होत जातं आणि फ्लेअरपाशी तडकतं. शिवाय पेट्रोल साचून राहिलं तर डिंक लवकर धरतं. स्टील घ्या, किंवा वर्षाआड तपासायची तयारी असेल तर अॅल्युमिनियम. दर ४०-४५ सेंटिमीटरला रबर लावलेली क्लिप, पत्र्यातून जाताना ग्रोमेट. चासी आणि इंजिन यांच्यामध्ये लवचीक होज हवाच, नाहीतर इंजिन हलताना नळी तुटते.

वायरिंग कसं करायचं?

पंपाला डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट करंट देऊ नका. रिले लावा: ३० ला बॅटरीकडून फ्यूज घालून, ८७ पंपाला, ८५ अर्थ, ८६ स्विचकडून. ८ अँपिअर घेणाऱ्या पंपाला ५ मीटर १ चौरस मिमीची वायर टाकली तर वायरमध्येच ०.७ व्होल्ट जातात, ४ चौरस मिमीच्या वायरमध्ये ०.१७. अर्थही तेवढ्याच जाडीची, रंग खरवडून, चासीला. पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर पंप बदलण्याआधी वायर बदला.

८६ ची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप थांबेल. स्टार्टर चालू असतानाचा करंट वेगळ्या टोकानं द्या. जोडीला धडक बसल्यावर तुटणारा इनर्शिया स्विच. हे दोन नसतील तर अपघातानंतर चालू राहिलेला पंप फाटक्या नळीतून मिनिटाला पाच लिटर पेट्रोल ओततो.

सगळं बसवलं. पुरतंय की नाही, हे धावेआधी कसं कळेल?

मोजून. इंजिन थंड, गाडी उघड्यावर, जवळ पावडरचा अग्निशामक, पत्र्याचा मापाचा डबा गाडीला वायरनं अर्थ केलेला. चार्जर लावायचा असेल तर तो आधी लावा आणि लांब ठेवा.

१. कार्ब्युरेटरकडे जाणारी लाइन सोडा. तिच्या टोकाला गेज आणि त्यापुढे बारीक फिरणारा व्हॉल्व्ह जोडा, व्हॉल्व्हची नळी डब्यात.
२. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालू करा, रेग्युलेटर साडेसहावर आणा (हे चाचणीपुरतं; शेवटचं सेटिंग इंजिन आयडलला चालू असतानाच).
३. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, गेज ५ वर येईपर्यंत.
४. त्याच जागी ठेवून १५ सेकंदांचं पेट्रोल मोजा. २४० नं गुणलं की तासाचं.

आपल्या इंजिनाला १५ सेकंदांत ८३० मिलिलिटर हवेत. ६०० आले तर पंपाआधीचा फिल्टर काढून पुन्हा मोजा, मग व्होल्टेज बघा, मग झाकण उघडं ठेवून मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. व्हॉल्व्ह नसलेली, नळी मोकळी सोडून केलेली चाचणी खोक्यावरच्या आकड्याइतकीच निरुपयोगी.

गेज कुठला?

बॉनेटखाली कोरडा. ग्लिसरीन भरलेला गेज तापला की आतला दाब वाढून खोटं, कमी वाचन दाखवतो. धावताना वाचायचं तर इलेक्ट्रिक सेन्सर. पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणू नका. आयडलचं वाचन फारसं काही सांगत नाही. टॉप गिअरच्या शेवटचं सांगतं. लॅम्डा मीटर, म्हणजे हवा-इंधन प्रमाण दाखवणारा मीटर, असेल तर तो धावेभर १२.५ ते १२.८ वर राहावा, सुरुवातीला १२.६ आणि शेवटी १४ दिसलं, तर जेटला हात न लावता पुरवठा तपासा. पिस्टन वितळतो तो याच दीड अंकात.

ई-२० पेट्रोलनं हिशेब बदलतो का?

थोडा. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, २० टक्के इथेनॉलला सुमारे १३.५. म्हणजे प्रवाह आठेक टक्के जास्त हवा. ३० टक्के राखीव ठेवलेत तर लाइन-पंप तेच चालतात, जेट मात्र बदलावे लागतात. ई-८५ असेल तर ३५-४० टक्के जास्त, मिथेनॉलला दुपटीहून अधिक, तिथे सगळं नव्यानं मोजा.

खरी अडचण रबराची. भारतात आता पंपावर बहुतेक ई-२० च मिळतं आणि जुने होज, डायफ्रॅम, कॉर्क गॅस्केट त्यात फुगतात, आतून सोलवटतात. सोलवटलेल्या रबराचा पडदा ओढणाऱ्या बाजूला झडपेसारखा बंद होतो. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. होजवर एसएई जे३०आर९ छापलेला घ्या, किंवा आत पीटीएफईचं अस्तर असलेला.

मे महिन्यात गाडी बंद केली की पुन्हा चालूच होत नाही. पंप मोठा हवा?

बहुधा नको. इंजिनाच्या धगीनं बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. कार्ब्युरेटरखाली १२ मिमीचा फिनॉलिक स्पेसर, फ्लोटची पातळी किंचित खाली, आणि चालू करताना थ्रॉटल पूर्ण उघडा. चालता चालता, चढावर ट्रॅफिकमध्ये दाब पडत असेल तर ती लाइनमधली वाफ. तिथे पंप मागे नेणं आणि रिटर्न लाइन हाच इलाज.

१.६ लिटरच्या इंजिनावर वेबरचे दोन ४० डीसीओई आहेत. त्यांना काय?

१६० हॉर्सपॉवरला ४९ लिटर, राखीव धरून ६५. ८ मिमीची लाइन पुष्कळ. इथे चूक उलट्या बाजूनं होते: व्ही-८ चा पंप लावला जातो. वेबरला अडीच ते साडेतीन पीएसआय पुरतात, पाचला निडल उचलली जाते आणि पेट्रोल ट्रम्पेटमधून एक्झॉस्टवर ठिबकतं. छोटा कमी दाबाचा पंप आणि कमी दाबालाही नीट स्थिर राहणारा रेग्युलेटर घ्या. ४ ते ९ पीएसआयसाठी बनलेला रेग्युलेटर तीनला धड चालत नाही.

आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० ट्यून केलीय. पंप लावू?

टाकी वर असताना नको. टू-स्ट्रोक जास्त पिते. हॉर्सपॉवरमागे तासाला ३२० ग्रॅम धरा. ४० हॉर्सपॉवरची राजदूत मिनिटाला २८५ मिलिलिटर घेते, १८ ची आरएक्स १३०. पेट्रोल कॉक उघडून नळी बाटलीत धरा आणि एक मिनिट मोजा: पहिलीला ४३०, दुसरीला २०० तरी पडायला हवेत. टाकीत पेट्रोल कमी असताना मोजा, खरी परीक्षा तेव्हाच. कमी पडलं तर कॉकची जाळी, टाकीच्या झाकणाचं भोक, आणि नळीतला उंचवटा बघा. उताराच्या पेट्रोलला मिळणारा दाब पाव-अर्धा पीएसआयच असतो; त्यासाठी बनवलेल्या निडलला तीन पीएसआयचा पंप लावला तर ती टिकत नाही.

कार्ब्युरेटरमधून बूस्ट, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जरची दाबलेली हवा, फुंकायचा असेल तर?

१० पीएसआय बूस्ट असेल तर बाउलमध्येही १० असतात, म्हणून पेट्रोल १६ नं यायला हवं. बूस्टची नळी जोडलेला, एकास एक वाढणारा रेग्युलेटर लागतो आणि पंपाचा आलेख वीसेक पीएसआयला वाचावा लागतो. १४ पीएसआयचा पंप तिथे शून्य देतो. पेट्रोलही हॉर्सपॉवरमागे ०.६ ते ०.६५ पौंड धरा. सुपरचार्जरच्या वर बसलेल्या कार्ब्युरेटरला दाबाचा हा खेळ लागू नाही, फक्त प्रवाह वाढतो.

एक मोठा पंप की दोन छोटे?

दोन पंप शेजारी-शेजारी लावले तर प्रवाह वाढतो, एकामागे एक लावले तर दाब. शेजारी लावताना प्रत्येकाला चेक व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बंद पडलेल्या पंपातून पेट्रोल उलटं फिरतं. आणि एक बंद पडलाय हे चालकाला कळतच नाही, इंजिन पातळ होईपर्यंत. म्हणून शक्यतो एकच.

शर्यतीच्या तपासणीत लाइनबाबत काय बघतात?

अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत दोन गोष्टी ठळक आहेत: फ्लायव्हील किंवा बेलहाउसिंगजवळून जाणारी पेट्रोल लाइन १६ इंच लांब, १/८ इंच जाड भिंतीच्या स्टीलच्या नळीत झाकलेली हवी, आणि धातूचं वेष्टण नसलेला रबरी होज पुढून मागेपर्यंत मिळून १२ इंचांहून जास्त नको. क्लच फुटला की त्याचे तुकडे कुठे जातात हे पाहिलं की पहिल्या नियमाचं कारण कळतं. आपल्याकडे धावपट्टीवर ड्रॅग करायचं असलं तरी लाइन बेलहाउसिंगच्या रेषेतून न नेता चासीच्या बाहेरच्या बाजूनं न्या आणि जुबिली क्लिप फक्त कमी दाबाच्या, ओढणाऱ्या बाजूलाच वापरा.